मुन्सफाचा वाडा: पुरावा कसा शोधायचा आणि दुरुस्ती कुठून सुरू करायची?

(चर्चेतला प्रश्न आणि उत्तरे; प्रत्येक मजकुरावर लिहिणाऱ्याचे टोपणनाव आहे.)

ओसरी

देशावरच्या एका तालुक्याच्या गावातला वाडा वाचनालयासाठी मिळण्याच्या बेतात आहे. गावात सगळे त्याला 'मुन्सफाचा वाडा' म्हणतात (मुन्सफ म्हणजे पूर्वीचा दिवाणी न्यायाधीश), पण तो खरोखर मुन्सफाचा होता हे सांगणारी पाटी नाही, लेख नाही. आधी वर्णन देतो.

दुमजली, मधे चौक. काळ्या दगडाचा जोता, त्यावर मातीत रचलेल्या पक्क्या विटांच्या भिंती, सुमारे ४५० मिमी जाडीच्या. सागवानी खांब-तुळया, वर कडीपाट (लाकडी कड्यांवर फळ्यांचा मजला), छपरावर मंगलोरी कौले. समोरच्या ओटीला लागून एक खोली आहे. तिला रस्त्याकडून वेगळे दार आहे आणि घराच्या आतल्या बाजूला एकच अरुंद दार.

दुखणी अशी. मागच्या भिंतीला मीटरभर उंचीपर्यंत ओल. तिथे कधीतरी सिमेंटचा गिलावा झाला आहे आणि आता त्याचे पोपडे सुटतात. ईशान्य कोपऱ्यात वरून खाली तिरकी भेग. चौकातला एक खांब बुडाशी कुजला आहे. रस्ता दर डांबरीकरणात वर येत गेला, त्यामुळे पूर्वीच्या तीन पायऱ्यांपैकी एकच दिसते.

सुचवलेला आराखडा असा: छप्पर उतरवून आरसीसी स्लॅब, सगळीकडे नवा सिमेंट गिलावा, वरच्या मजल्यावर पुस्तकांची कपाटे. पुरावा आणि दुरुस्ती या दोन्हींबद्दल नेमके सांगा.

दप्तरदार

पुराव्याचे आधी बोलतो, कारण त्यावरून कोणता भाग जपायचा ते ठरते.

पहिला प्रश्न, गाव १९४७ पूर्वी कोणत्या अमलाखाली होते? मुंबई इलाख्यातले असेल तर १८२७ च्या एल्फिन्स्टन संहितेनंतरच्या काळात मुन्सफ, सदर अमीन अशी एतद्देशीय न्यायाधीशांची पदे होती. १८६९ च्या मुंबई दिवाणी न्यायालय कायद्याने (१८६९ चा १४ वा) ती जाऊन 'दुय्यम न्यायाधीश', पहिला आणि दुसरा वर्ग, आले. दुसऱ्या वर्गाला ५,००० रुपयांपर्यंतचे दावे चालवता येत. लोकांच्या तोंडी मात्र 'मुन्सफ' पुढेही कायम राहिला. म्हणजे नुसत्या नावावरून वाडा १८६९ पूर्वीचा ठरत नाही. मराठवाड्यातले गाव असेल तर निजामाच्या राज्यात मुन्सफ हे पद पुढेही होते आणि कागद उर्दूत सापडतील. सांगली, मिरज, औंध, कोल्हापूर अशा संस्थानांत न्यायखाते संस्थानाचे. तिथले कागद वेगळ्या दप्तरात.

दुसरी गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही: या न्यायाधीशांची सतत बदली होई. न्यायमूर्ती रानडे १८७१ मध्ये पुण्यात पहिल्या वर्गाचे दुय्यम न्यायाधीश झाले, १८७८ मध्ये नाशिकला गेले आणि लगेच पुढे धुळ्याला. लोकहितवादी वाईला मुन्सफ होते, ते काही वाईचे नव्हेत. तेव्हा तालुक्यातल्या 'मुन्सफाच्या वाड्या'चे तीन अर्थ संभवतात. एक, गावच्या माणसाने बाहेर नोकरी करून निवृत्तीला इथे बांधलेले घर. दोन, सावकाराचा किंवा वकिलाचा वाडा, जो एकामागून एक न्यायाधीशांना भाड्याने दिला जाई. तीन, खुद्द कोर्टच तिथे भरत होते.

शोधायचा क्रम:

१. नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिका आणि तिच्या मागची चौकशी नोंदवही. पहिल्या चौकशीत धारकाने हक्क कुठून आला ते सांगितलेले असते. हा कागद मिळकत पत्रिकेपेक्षा पुष्कळ बोलका असतो.

२. नगरपालिकेची जुनी घरपट्टी आकारणी. मालक आणि भोगवटादार असे वेगळे रकाने असतील तर भाडेकरू न्यायाधीश तिथे सापडतो.

३. दुय्यम निबंधकाकडे पहिल्या पुस्तकाची (स्थावर मिळकतीच्या दस्तांच्या नोंदवहीची) सूची क्रमांक २. नोंदणी कायद्याप्रमाणे शुल्क भरून ती कोणालाही पाहता येते. मालकाचे नाव ठाऊक असेल तर आधी सूची १ पाहा, ती नावावर लागते. सूची २ मिळकतीवर लागते.

४. नाव हाती आले की 'बॉम्बे गव्हर्नमेंट गॅझेट'मधल्या नेमणुका आणि 'बॉम्बे सिव्हिल लिस्ट' ही सरकारी अधिकाऱ्यांची यादी. वर्ष, गाव आणि हुद्दा तिघांचा मेळ बसला तरच पुरावा. नुसते आडनाव जुळले म्हणून खूश होऊ नका.

संस्थानी किंवा पेशवाईच्या काळापर्यंत मागे जावे लागले तर पुराभिलेख संचालनालयाची पुणे, मुंबई, कोल्हापूर इथली दप्तरे. कागद मोडीत असतील.

कडीपाट

दप्तरदारांनी पुराव्याचे सांगितले, मी स्लॅबचे सांगतो: करू नका.

हिशेब साधा आहे. १२५ मिमी स्लॅबचे वजन चौरस मीटरला ३०० किलोच्या वर जाते, त्यात वरचा उताराचा थर आणि माणसांचा भार धरलेला नाही. मंगलोरी कौले चौरस मीटरला साधारण १५ बसतात. वासे आणि रिपा (कौले ज्यांवर बसतात त्या आडव्या पट्ट्या) धरून सगळे मिळून साठ-सत्तर किलो. मातीत रचलेल्या भिंतीवर चौपट-पाचपट भार टाकायचा, तोही अशा कडक पत्र्यासारख्या थरातून जो खालच्या लाकडी सांगाड्याशी कुठेच जखडलेला नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि डोक्यावर जाड मातीचे माळवद हाच जोड जीवघेणा ठरला. स्लॅबने तीच चूक नव्या मालात होईल.

मंगलोरी कौलांचा पहिला कारखाना बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूरला काढला. तेव्हा तुमचे छप्पर निदान आजच्या रूपात त्यानंतरचे. आधी नळीची कौले असतील तर वाशांवर जुन्या, जवळजवळ मारलेल्या रिपांच्या खिळ्यांची भोके दिसतील. तपासा आणि फोटो काढून ठेवा.

आता पाणी. तुमच्या यादीतली ओल, भेग आणि कुजका खांब ही तीन दुखणी बहुधा एकाच कारणाची आहेत. दुरुस्तीचा क्रम पाण्याच्या वाटेने लावा, वरून खाली:

कौले आणि आढे (छपराचा माथा), मग पन्हळी, मग पन्हळीचे पाणी जिथे पडते ती जागा, मग भिंतीच्या पायथ्याची जमीन. ईशान्य कोपऱ्यात पन्हळीचा नळ उतरतो का? उतरत असेल तर तो कुठे सुटतो? कोपऱ्यातली तिरकी भेग बहुतेक वेळा त्या कोपऱ्याचा पाया भिजून बसल्याची असते.

रस्ता खाली नेणे तुमच्या हाती नाही. पण भिंतीला लागून पेव्हर किंवा कोबा असेल तर ६०० ते ९०० मिमी रुंदीचा पट्टा उखडा. जोत्याच्या उघड्या दगडाच्या माथ्याखाली निदान दीडशे मिमी खोलीपर्यंत माती काढा, तळाला भिंतीपासून बाहेर १:४० उतार द्या आणि जाड खडी भरा. पायाच्या तळाखाली मात्र खणू नका. कोबा जमिनीतल्या ओलीला वर सुटू देत नाही, मग ती भिंतीतून चढते.

कौलांसाठी एक: रिपांचे अंतर पुस्तकातून घेऊ नका. साधारण ३२० मिमी येते, पण कारखान्यागणिक फरक पडतो. दोन ओळी कौले प्रत्यक्ष ठेवून खाच कुठे बसते ते मोजा, मगच रिपा ठोका. जुनी चांगली कौले एका उतारावर, नवी दुसऱ्यावर लावा. मिसळली तर खाचा जुळत नाहीत आणि वाऱ्याच्या पावसात पाणी आत येते.

चुनखडी

कडीपाट यांच्या क्रमाशी पूर्ण सहमत. गिलाव्याचे मी सांगते.

सिमेंटचा गिलावा ओल थांबवत नाही, कोंडतो. भिंतीतले पाणी बाहेर सुटायला जागा न मिळाल्याने आणखी वर चढते. विरघळलेले क्षार गिलाव्याच्या मागे स्फटिक होऊन फुगतात आणि विटेचा चेहराच उडवतात. म्हणून पोपड्याच्या मागे विटेची भुकटी दिसते.

काढताना: कोरड्या ऋतूत, हाताने, पातळ छिन्नीने, सुटलेल्या कडेपासून आत. ब्रेकर नको. गिलाव्याबरोबर विटेचा थर निघू लागला तर तिथे थांबा, तेवढा तुकडा राहू द्या. पांढरे क्षार कोरड्या ब्रशने झाडून गोळा करा आणि बाहेर टाका. पाण्याने धुतले की ते परत आत जातात.

मग वाट पाहायची. भिंत वाळण्याचा ठोकताळा जाडीच्या इंचाला एक महिना असा आहे. ४५० मिमी म्हणजे दीड वर्ष, दोन्ही बाजू उघड्या असतील तर त्याहून कमी. उद्घाटनाची तारीख आधी ठरवून गिलावा उरकला की दोन पावसाळ्यांत तेच पोपडे.

दरजा (विटांमधले जोड): सुटी माती जोडाच्या रुंदीच्या दुप्पट, म्हणजे २० ते २५ मिमी खोल खरवडा, पाणी शिंपडा, चुन्याचा माल दाबून भरा. आतली माती तशीच राहू द्या.

माल: भिजवून मुरवलेला चुना १, वाळू ३. ओलसर भागात चुना १, सुरखी (विटेची भुकटी) १, वाळू २. सुरखी कमी भाजलेल्या विटेची हवी. खंगर (जास्त भाजलेल्या) विटेची भुकटी नुसती वाळूसारखी वागते, चुन्याशी तिची क्रिया होत नाही. थर १० ते १२ मिमीपेक्षा जाड नको, दुसरा थर पहिला आवळल्यावर. आठ ते पंधरा दिवस ओल्या गोणपाटाने झाका. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट होतो आणि त्यासाठी त्याला थोडी ओल लागते. मे महिन्यात उघड्यावर केला तर वाळतो, घट्ट होत नाही. बोट फिरवले की पीठ सुटते. ऑक्टोबर ते फेब्रुवारी उत्तम.

चुना भिजवताना कळीचा (न भिजवलेला) चुना पाण्यात टाकायचा, चुन्यावर पाणी ओतायचे नाही. पिंप लोखंडी, प्लास्टिकचे वितळते. गॉगल आणि हातमोजे नसतील तर कोणाला जवळ जाऊ देऊ नका, डोळ्यात शिंतोडा गेला तर दृष्टी जाऊ शकते. बारीक चाळणीतून गाळा आणि निदान पंधरा दिवस, शक्यतो महिनाभर, पाण्याखाली ठेवा. न विरलेला खडा गिलाव्यात राहिला तर नंतर फुगून खळी पाडतो.

क्रश सँड (दगड फोडून केलेली वाळू) वापरत असाल तर धुऊनच. बाटलीत वाळू, पाणी आणि चिमूटभर मीठ घालून हलवा, तीन तास ठेवा. वर बसलेला गाळ ८ टक्क्यांहून जास्त असेल तर परत धुवा.

घाणीवाला

गूळ आणि हिरड्याचे पाणी कसे काय विसरलात? त्याशिवाय चुना धरत नाही.

चुनखडी

विसरले नाही, मुद्दाम गाळले. गुळाने माल मऊ राहतो, लावायला सोपा जातो आणि हिरड्यासह आंबवलेले पाणी जुन्या कामांत वापरलेले आहे. पण प्रमाण जास्त झाले की चुना आवळायला उशीर करतो, मुंग्या आणि बुरशी येते. मुरलेला चुना आणि चांगली सुरखी असेल तर साध्या भिंतीला त्यांची गरज नाही. घालायचेच असेल तर ३० × ३० सेंमीचे दोन नमुने करा, एक साधा आणि एक गूळ-हिरड्याचा. महिन्याने नखाने ओरखडून पाहा. जो तुमच्या वाळूशी आणि हवेशी जमतो तो घ्या.

घाणीवाला

नमुन्याचे मान्य. फक्त माल मळायला सिमेंटचा मिक्सर नको. तो माल घुसळतो, रगडत नाही. चुना आणि वाळू दाबाखाली रगडली गेली पाहिजे. घाणी (चुना रगडायचे दगडी चाक) नसेल तर चाकाची रगडण यंत्रे मिळतात, तीही नसेल तर कुटून घ्या. माल हाताला लोण्यासारखा लागेपर्यंत पाण्याचा मोह आवरायचा. जास्त पाण्याचा चुना हमखास तडकतो.

ओसरी

पाहणी करून आलो. ईशान्य कोपऱ्यात पन्हळीचा नळ खरोखरच आहे आणि जमिनीपासून हातभर वर तुटलेला आहे. भेगेतून पिंपळाचे रोप आले आहे. कुजलेल्या खांबाचा तळखडा (खांबाखालचा दगड) दिसतच नाही, चौकाभोवती नवी फरशी घातली आहे आणि खांब तिच्यात रुतलेला आहे. खांब २०० मिमी चौरस, कूज सुमारे ४०० मिमी उंचीपर्यंत.

सुतारमेट

कूज का आली ते तुमच्याच वर्णनात आहे. खांब तळखड्यावर उभा असतो, तो लाकूड जमिनीच्या ओलीपासून वर राहावे म्हणून. फरशीची पातळी वाढवून तळखडा गाडला की खांबाचे बूड सिमेंटच्या खळग्यात बसते. फरशी धुतली की पाणी तिथेच मुरते. नवा खांब बसवून फरशी तशीच ठेवली तर तोही कुजेल. आधी तळखडा उघडा करा, भोवती ७५ मिमी मोकळी जागा आणि पाणी वाहून जाईल असा उतार.

पूर्ण खांब बदलायची गरज नाही. पेचकस दाबत वर जा. जिथे तो रुतायचा थांबतो, तिथून आणखी १५० मिमी वर चांगले लाकूड धरून कापा. तुमच्या मापाने कूज संपते ४०० ला, काप ५५० च्या आसपास. त्याच्या वर तिरका सांधा खांबाच्या जाडीच्या अडीच ते तीन पट लांबीचा, म्हणजे ५०० ते ६०० मिमी. खालचा तुकडा जुन्या, वाळलेल्या सागाचाच घ्या. ओला साग सांध्यात आकसतो आणि फट पडते. बोल्ट स्टेनलेस स्टीलचे. साध्या लोखंडाने सागाला काळे डाग पडतात, शिवाय ते गंजून फुगते.

धीराने करायचे काम म्हणजे टेकू. तुळईच्या दोन्ही बाजूंना जॅक आणि जॅकच्या खाली जाड फळ्या, नाहीतर फरशी फुटून जॅक खचतो. वरच्या मजल्यावर त्याच रेषेत खांब असेल तर तिथेही टेकू हवा. जॅक फक्त भार घेण्यापुरता फिरवा, दोन-तीन मिमी पुरे. तुळई शंभर वर्षांत जो बाक घेऊन बसली आहे तो सरळ करायला गेलात तर वरच्या भिंतीला नव्या भेगा पडतील आणि दुसरे सांधे उघडतील.

काप घेण्यापूर्वी वाळवी आहे का पाहा. मातीच्या नळ्या म्हणजे वाळवी, बारीक गोल भोके आणि पिठासारखा भुसा म्हणजे भुंगा. वाळवीला भिंत आणि फरशीच्या सांध्यात ३०० मिमी अंतरावर १२ मिमीची भोके घेऊन भोकाला लिटरभर औषध, औषधाचे प्रमाण डब्यावरच्या सूचनेप्रमाणे. भुंग्याला बोरॉन क्षाराचे द्रावण ब्रशने. ते पाण्यात विरघळते, त्यामुळे पावसात भिजणाऱ्या लाकडाला उपयोग नाही.

कडीपाट

पिंपळ ओढून काढू नका. मूळ विटांना घेऊन बाहेर येते आणि कोपरा सुटतो. खोड भिंतीलगत कापा, ताज्या कापावर लगेच तणनाशक ब्रशने लावा, मूळ मेल्याची खात्री झाल्यावरच भोवतालचे जोड उघडून भरा. फांदी नुसती छाटली तर तो दुप्पट जोमाने येतो.

भेगेवर काचेची पट्टी चुन्याने चिकटवा, वर तारीख लिहा. भेगेच्या दोन्ही बाजूंना खुणेचे खिळे मारून महिन्यातून एकदा अंतर मोजा. नळ दुरुस्त केल्यानंतर एक पावसाळा आणि एक उन्हाळा जाऊ द्या. अंतर स्थिर राहिले तर भेग भरून दोन्ही बाजूंच्या विटा एकमेकांत गुंतवून घ्या. वाढतच राहिले तर पाया पाहावा लागेल आणि ते स्ट्रक्चरल इंजिनिअरचे काम आहे. मातीच्या बांधकामात काम केलेला माणूस शोधा.

सुतारमेट

कपाटांचे राहिले. राहत्या घराचा मजला भारतीय मानकाप्रमाणे चौरस मीटरला साधारण २०० किलोचा धरतात, वाचनकक्ष ३०० आणि पुस्तकांची मांडणी असलेली खोली ६०० किंवा त्याहून जास्त. कडीपाटाचा मजला २०० पेलतो का हेसुद्धा कड्यांचे माप आणि अंतर घेऊन तपासावे लागते. पुस्तके खालीच ठेवा, जोत्याच्या वर, ओल्या भिंतीपासून लांब. वर बसून वाचण्याची जागा, तीही माणसांची संख्या ठरवून. वायरिंगसाठी भिंती खोदू नका. उघड्या पाइपातून न्या, ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा खटका) लावा.

दप्तरदार

ओटीजवळच्या वेगळ्या दाराच्या खोलीबद्दल. ती पाहून लगेच 'इथे न्यायाधीश बसत' असे लिहू नका. वकिलाच्या घरालाही पक्षकारांसाठी अशीच खोली असे, सावकाराच्या पेढीलाही. कोर्ट भरत असेल तर दिवाणखान्यात एका टोकाला उंच चौथरा, गजाची खिडकी असलेली एखादी मजबूत खोली, सूचना लावायच्या फळ्याचे खिळे असे काही दिसेल. नाझराच्या (कोर्टाच्या कर्मचाऱ्याच्या) ताब्यातला मुद्देमाल कुठेतरी ठेवावा लागेच. गिलावा काढताना या खुणा पुसल्या जातात. त्यामुळे छिन्नी लावण्यापूर्वी प्रत्येक भिंतीचा सरळ समोरून फोटो घ्या, शेजारी मोजपट्टी धरून.

आणखी एक. मिळकत पत्रिकेवर जितके वारस तितक्यांच्या सह्या करारात हव्यात. एकाच भावाने दिलेल्या संमतीवर खर्च झाला आणि नंतर वाटणीचा दावा लागला, तर वाचनालय बंद पडते. नगरपालिकेकडे वारसा यादी आहे का, वाडा त्यात आहे का तेही लेखी विचारा. नगरपालिका क्षेत्रांना २०२० च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीतली वारसा इमारतींची कलमे लागू होतात. यादीत असेल तर गिलावा काढण्याआधीही परवानगी लागेल.

ओसरी

शेवटचा प्रश्न. ओटीच्या खोलीतल्या भिंतीतल्या फडताळात कापडात बांधलेले दोन रुमाल (कागदांचे गठ्ठे) मिळाले. वरचे कागद मोडीत आहेत, काही चिकटलेले, कडांना कसर (कागद खाणारी कीड) लागलेली. लॅमिनेशन करून ठेवावे असे सुचवले जाते आहे.

दप्तरदार

लॅमिनेशन नको, सेलोटेपही नको. दोन्ही परत निघत नाहीत. उष्णतेने शाई आणि कागद दोन्ही बिघडतात, टेपचा गोंद पिवळा होऊन आत झिरपतो.

रुमाल उघडण्यापूर्वी बांधलेल्या अवस्थेत फोटो घ्या, गाठ कोणत्या बाजूला आहे तेही दिसू द्या. कापडावर किंवा वरच्या कागदावर साल आणि विषय लिहिलेला असण्याची शक्यता असते. कागद ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने पेन्सिलीने मागे अंक घाला, शाईचे पेन जवळ नको. चिकटलेले कागद ओढू नका, पाणी लावू नका, तसेच बाजूला ठेवा. धूळ मऊ रुंद ब्रशने, मधून कडेकडे. नव्या धुतलेल्या बिनरंगी मलमलीत परत बांधा आणि पत्र्याच्या बंद पेटीऐवजी हवा खेळेल अशा कपाटात जमिनीपासून वर ठेवा. कसर जिवंत असेल तर ताजा भुसा पडत राहतो. तो रुमाल बाकीच्यांपासून वेगळा करा.

वाचण्याआधी प्रत्येक पानाचे छायाचित्र, दोन्ही बाजू, कोरी असली तरी. मोडी वाचक हवा असेल तर पुराभिलेख संचालनालय मोडीचे प्रशिक्षण वर्ग घेते, तिथून शिकलेली माणसे जिल्ह्याच्या ठिकाणी सापडतात. वाचकाला आधी सालाचे, गावाचे आणि 'वादी-प्रतिवादी' असलेले कागद वेगळे काढायला सांगा. पक्षकारांसाठी लिहिलेले दाव्यांचे आणि कैफियतींचे (दाव्याला दिलेल्या लेखी उत्तरांचे) मसुदे आणि वकीलपत्रे जास्त निघाली तर घर वकिलाचे. नेमणुकीचे, रजेचे, पगाराचे, बदलीचे हुकूम निघाले तर न्यायाधीशाचे. भाडेपावत्या निघाल्या तर कोणी कोणाला दिल्या ते पाहा आणि ते नाव गॅझेटातल्या नेमणुकीशी ताडून इथे लिहा. पुढचे कागद कुठे शोधायचे ते त्यावर ठरेल.